ताटलीतल्या साखरेच्या गोळ्या

लकव्यानं आईचा उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी रोज दाबायला रबरी चेंडू दिला. आईनं तो कोनाड्यात टाकला. "या वयात लेकरावानी चेंडू खेळू का?"

मी होमिओपॅथीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. मेंदूचा एक भाग गेला तरी दुसरा त्याचं काम शिकू शकतो, पण त्यासाठी हात वापरत राहावा लागतो, असं वर्गात ऐकलं होतं. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "ते राहू दे माय. तुझी गोळी दे."

मग मी औषध न घातलेल्या साखरेच्या बारीक गोळ्या आणल्या. होमिओपॅथीत खरं तर गोळीला बोट लावू देत नाहीत. झाकणातून थेट तोंडात टाकायची. मी उलटंच सांगितलं. ताटलीत ओतायच्या, उजव्या हातानं एकेक उचलायची, तरच गुण येतो.

सुरुवातीला गोळ्या ओसरीभर उडायच्या आणि कोंबड्या त्या टिपायच्या. बाबा हसायचे, "कोंबड्यायलाच गुण येऊन राहिला की!" आई चिडून पुन्हा बसायची. दिवाळीत तिनं त्याच हातानं माझ्या कुर्त्याचं बटण लावलं आणि गल्लीभर सांगत सुटली, "पोरीच्या गोळीनं हात आला." मी तिला खरं सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं, हेही खरं.

परवा शेजारची काकू धावत आली. हळद शिजवता शिजवता काका खाली बसले होते, तोंड वाकडं झालं होतं. जीप सांगायला ती बाबांना शोधत होती.

"जीप काहून?" आई म्हणाली. "पोरगी घरीच हाय. गोळी देती न्हवं."

काकू थांबली. "देतीस का बाई?"

"काकू, त्या नुसत्या साखरेच्या हायत. औषध न्हाईच त्यात. आत्ताच्या आत्ता हिंगोलीचा दवाखाना गाठा."

जीप गेली. काका आता दवाखान्यात आहेत. थोडं बोलतात म्हणे.

त्या दिवशी आईनं गोळ्यांची ताटली उचलून कोनाड्यात ठेवली. मग म्हणाली, "मंग मी इतके दिस काय येचीत व्हते?"

"तूच हाताला शिकवलंस, आई."

"तुझं आता कोणतं खरं धरू?"

आज ताटलीला मुंग्या लागल्यात. कोनाड्यातला चेंडू पुसून मी तिच्यापुढं ठेवला. तिनं तो डाव्या हातानं बाजूला सारला.