जहाज सुटकेसमुळे चुकलं नव्हतं

१८ जानेवारी, नोएडा

वर्षभर इथं एक ओळही लिहिली नाही. काही वाचकांनी विचारपूस केली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. माफ करा. वेळ नव्हता असं म्हणणार नाही, वेळ होता. गेल्या जानेवारीतली माझी शेवटची पोस्ट अर्धीच खरी होती आणि तिच्यावर दुसरं काही लिहायला हात धजत नव्हता.

त्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आई-बाबांना घेऊन मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझसाठी निघाले, दिल्लीच्या धुक्यात विमान अडकलं आणि जहाज चुकलं. खाली तुम्ही सगळ्यांनी हळहळ व्यक्त केलीत आणि मी ती गुपचूप घेतली. आता तोच प्रवास बाबांबरोबर पुरा करून आले आहे. तो सांगण्याआधी मागचं सांगायला हवं, नाहीतर हेही अर्धंच राहील.

दिल्लीतल्या मराठी क्रूझवाल्यांचा एक छोटा ग्रुप आहे. बहुतेक निवृत्त. महिन्यातून एका रविवारी ही मंडळी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खायला जमतात आणि जहाजांबद्दल अशा थाटात बोलतात की जणू मंडी हाउसच्या पलीकडेच बंदर आहे. गुडगावच्या परांजपे काकू त्यांच्या पुढारी. नऊ क्रूझ झाल्यात. आमचं बुकिंग झाल्यावर, त्या डिसेंबरात, मी आईला तिथं घेऊन गेले होते. बाबा आले नव्हते.

"समुद्राला घाबरू नका, दिल्लीच्या एअरपोर्टला घाबरा," काकू आईला म्हणाल्या. "आदल्या दिवशी मुंबई गाठायची म्हणजे गाठायची. जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही."

"एकदा थांबलं होतं," परांजपे काका म्हणाले.

"ते कॅप्टनसाठी थांबलं होतं. तुमच्यासाठी नाही!"

आई खूप हसली. मेट्रोत बसल्यावर मात्र तिनं हळूच विचारलं, "आपण आदल्या दिवशी जायचं ना गं?"

मी म्हणाले, "आई, त्यांना काय, सगळे रिटायर्ड. मला जास्तीची सुटी नाही मिळणार. आणि पहाटेची पहिली फ्लाइट कधी लेट होत नाही."

दोन्ही खोटं. सुटी मी मागितलीच नव्हती. आणि धुक्याच्या दिवसांत पहाटेचंच विमान सगळ्यात आधी अडकतं, हे दिल्लीत चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला माहीत असतं. का मागितली नाही? आत्ता इथं तीन कारणं लिहिली आणि तिन्ही खोडली. त्यातल्या त्यात खरं हे की आणखी एक रात्र हॉटेलच्या एका खोलीत आम्ही तिघांनी काढायची, त्याचा मला आधीच कंटाळा आला होता.

साडेसहाचं विमान सव्वाबाराला उडालं. मुंबईत अडीचला उतरलो. बाबांनी मोठी निळी सुटकेस आणली होती, हातात चालणार नाही म्हणून ती विमानाच्या पोटात गेलेली. पट्ट्यावर ती पस्तीस मिनिटांनी आली. टर्मिनलच्या दारात पोहोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते आणि प्रवाशांची यादी चारला बंद झाली होती. जहाज समोर उभं होतं. अजून दोन तास ते तिथंच उभं राहणार होतं.

संध्याकाळी आम्ही अपोलो बंदरच्या कठड्याशी उभे राहून ते जाताना पाहिलं. आईनं हात हलवला. "किती मोठं आहे गं," एवढंच म्हणाली. मग बाबांकडे वळून हसत म्हणाली, "धुक्याचं काय घेऊन बसलात? तुमच्या पेटीनं बोट घालवली आपली."

हे म्हणताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिनं मला वाचवलं होतं. मी वाचले.

त्यानंतर ती थट्टा घरात रुळली. भाजी आणायला बाबांना उशीर झाला तरी आई म्हणायची, "पेटी होती वाटतं?" ऑगस्टमध्ये आई गेली. पक्षाघाताचा झटका, चार दिवस. पुण्यानुमोदनाला अकोल्याहून आलेल्या नातेवाइकांना बाबा सांगत होते, "तिला जहाजात बसायचं होतं. माझ्या सुटकेसनं राहून गेलं." थट्टा करणारी नव्हती, आणि त्यात थट्टाही उरली नव्हती. मी चहाचे कप गोळा करत होते. तेव्हाही काही बोलले नाही.

नोव्हेंबरात बाबांनीच विचारलं, "ते जहाज अजून जातं का?"

आता प्रवास. तुमच्यापैकी जे हाच बेत करत असतील त्यांच्यासाठी तपशील देते.

पहिला दिवस फक्त पोहोचण्याचा. दुपारी दीडचं विमान घेतलं. नोएडाहून टॅक्सीला दोन तास धरा. पाऊण तास वाचला तर एअरपोर्टवर बसा, चहा महाग आहे पण जहाजापेक्षा स्वस्त. निघायच्या वेळी बाबा दाराशी उभे होते ते खांद्याला त्यांची जुनी ऑफिसची रेक्झिनची बॅग लावून. तीन रात्री समुद्रावर, एक मुंबईत, आणि एवढंच सामान.

"बाबा, स्वेटर? चपला?"

"सगळं आहे. पट्ट्यावर टाकायचं काही नाही," ते म्हणाले.

निळी सुटकेस कपाटावर होती, तिच्यावर चादर घातलेली. तेव्हाच सांगायला हवं होतं. टॅक्सीवाला खाली हॉर्न देत होता आणि मला ते कारण पुरलं.

विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं, कुणाचं काही बिघडलं नाही. फोर्टात साधं हॉटेल घेतलं होतं. खोली लहान, पण तिथून टर्मिनल टॅक्सीनं दहा मिनिटांवर. जवळच्या खानावळीत सुरमईची थाळी खाल्ली. रात्री एका खोलीत बाबा आणि मी. गेल्या वर्षी मला जिचा कंटाळा आला होता ती हीच रात्र. बाबा नऊलाच झोपले. काहीही जड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची वेळ साडेबाराची होती, आम्ही बाराला हजर. देशातल्या देशात जाणाऱ्या जहाजाला आधार कार्ड चालतं, पण बुकिंगवरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. मोठ्या बॅगा ते टॅग लावून घेतात, त्या तुमच्या खोलीबाहेर संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं हातात ठेवा. बाबांनी त्यांची बॅग दिली नाही. टॅग लावणाऱ्या पोरीनं दोनदा समजावलं, "अंकल, भारी पडेगा." बाबा म्हणाले, "बिल्कुल नहीं, बेटा. हल्की है."

खोली चौथ्या मजल्यावर, न उघडणाऱ्या खिडकीची. बाल्कनीवाली बरीच महाग पडते. आम्ही दिवसभर वर डेकवरच असायचो, त्यामुळे चुकल्यासारखं वाटलं नाही. जहाज सुटण्याआधी सुरक्षेची तालीम असते, ती चुकवू नका. बाबा पहिल्या रांगेत ताठ उभे होते, ऑफिसातल्या झेंडावंदनाला असायचे तसे.

रात्रीच्या जेवणाला सातचीच पाळी घेतली होती. परांजपे काका-काकूही या फेरीला होते. त्यांची दहावी. एकाच टेबलावर बसलो. काकू आम्हाला बघून खुलल्या.

"या, या! यंदा पोहोचलात एकदाचे. कधी आलात?"

"काल," मी म्हणाले.

"शाब्बास! मी जीव तोडून सांगत होते ना गेल्या वर्षी? तुझी आई तर मान डोलवत—"

"फ्लाइटचं काही नव्हतं हो," बाबा मधेच म्हणाले. अगदी सहज, पोळीचा तुकडा मोडत. "माझी सुटकेस. पस्तीस मिनिटं लागली. आम्ही पंधरा मिनिटांनी राहिलो. साधं गणित आहे."

काकू बोलता बोलता थांबल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "दाल छान आहे," ते म्हणाले. काकूंनी बाबांना आग्रह करून गुलाबजाम वाढला आणि त्या जेवणात पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही. दहा क्रूझ केलेली ती बडबडी बाई माझ्यासाठी गप्प बसली. आईनंतर ही दुसरी.

बाबांच्या गणितात चूक नव्हती, हेच वाईट होतं. सुटकेस नसती तर आम्ही चाराच्या आत पोहोचलो असतो. पण ते गणित मुंबईत सुरू होत होतं, आणि माझं मेट्रोत.

सकाळी साडेसहाला डेकवर गेलो. कागदी कपात चहा. फोनला रेंज नव्हती, वाय-फायचे पैसे वेगळे पडतात, आम्ही घेतलं नव्हतं. चहूकडे राखाडी पाणी, किनारा कुठंच नाही. बाबा कठड्याला धरून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तिला हे बघायचं होतं. कडा नसलेलं पाणी."

मी सांगून टाकलं. काकूंचा सल्ला, आईचा मेट्रोतला प्रश्न, न मागितलेली सुटी, अपोलो बंदरावरची आईची नजर. क्रमानं सांगितलं, स्वतःची बाजू मध्ये येऊ न देता. निदान तसा प्रयत्न केला.

बाबा माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतात, दिल्लीच्या ऑफिसात घासून गुळगुळीत झालेली. वऱ्हाडी फक्त आईशी. ती गेल्यापासून घरात मी ती ऐकली नव्हती.

"तिले माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् तरी मलेच म्हने, पेटी, पेटी."

"हो, बाबा."

मला वाटलं ते रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हींसाठी मी तयार होते.

"मंग आता मले कायले सांगून राह्यली?" ते म्हणाले. "ती असताना सांगतलं असतं तं मी भांडलो असतो तिच्याशी. चांगला दोन दिवस भांडलो असतो. आता कोनाशी भांडू?"

कप कचऱ्याच्या डब्यात टाकून ते खाली गेले.

दुपारी जहाज गोव्याला लागलं. बंदरातून बाहेर पडायला बस असते, पुढे टॅक्सी ठरवावी लागते, भाव आधी बोलून घ्या. यापलीकडे मला सांगता येणार नाही, कारण मी उतरले नाही. बाबा परांजपे काकांबरोबर उतरले. मला "चल" म्हणाले नाहीत. रिकाम्या जहाजावर मी चार तास होते. तरणतलाव रिकामा, पण गाणी चालू. एक कर्मचारी खुर्च्यांवरच्या टॉवेलांच्या घड्या घालत होता. मी स्वतःला विचारत होते की मी हे बाबांसाठी सांगितलं की माझ्यासाठी. त्यांचं ओझं उतरवायचं होतं हे खरं आहे. पण सांगून झाल्यावर पहिल्यांदा हलकं वाटलं ते मला, आणि तेही दोन-चार क्षणच.

संध्याकाळी बाबा परत आले. माझ्या उशीवर काजूची पुडी ठेवली, खारवलेले, सालीसकट. आईला आवडायचे तसे. माझ्यासाठी आणले होते की सवयीनं तिच्यासाठी, हे विचारायचं धैर्य झालं नाही. परतीच्या दीड दिवसात आम्ही जेवण, हवा आणि औषधं एवढंच बोललो. निघताना काकूंनी मला जवळ घेतलं, कानात म्हणाल्या, "बोललीस ना? बरं केलंस. पण लगेच बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नको हं."

येताना दुपारचंच विमान होतं. दिल्लीत उतरलो तेव्हा धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन होतं. तेही बघवलं नाही.

घरी येऊन दोन दिवस झाले. सहल कशी झाली असं विचाराल, तर जहाज सुंदर आहे, ज्येष्ठांसाठी सोयीचं आहे, जेवण भरपूर आहे. जरूर जा. बाबांनी घरी आल्यावर निळी सुटकेस खाली काढली, असं लिहायला मला आवडलं असतं. काढली नाही. तिच्यावरची चादर तेवढी आज काढून धुवायला टाकली आहे. त्याचा अर्थ मी लावत नाही.

आज सकाळी क्रूझवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका बाईंचा प्रश्न आला. वसंत कुंजला राहतात, आईला पुढच्या आठवड्यात क्रूझला नेणार आहेत, सुटी मिळत नाही म्हणून त्याच दिवशीची पहाटेची फ्लाइट घेतली आहे, चालेल ना? काकूंनी आदल्या दिवशीचा नियम ठळक अक्षरांत टाकला होता. बाईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "बघू."

मी उत्तर लिहायला लागले. बाबा मागं उभे राहून वाचत होते हे कळलं नाही.

"लिहू नको," ते म्हणाले. पुस्तकी मराठीत, पण चार दिवसांनी माझ्याकडे बघून. "तुलाही काकूंनी सांगितलंच होतं, ऐकलंस का? फोन कर."

"काय सांगू, बाबा?"

"तू मला सांगितलंस ते."

उद्या: वसंत कुंजच्या त्या बाईंना फोन करणे. सुटकेसचंही सांगणे.