चिंधूच्या नावानं निघालेल्या सायकली

चिंधू मोहाडीच्या बाजारात भाजी विकून दिवेलागणीला सायकलनं घरी निघाला होता. मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसलाच नाही. ट्रक थांबलाही नाही. धानाच्या बांधीत फेकला गेलेला चिंधू दवाखाना गाठायच्या आत गेला. ही गोष्ट एक्याऐंशी सालची. त्याची बायको गिरजाबाई तेव्हा चाळिशीला टेकली होती.

लोक म्हणाले, नशिबाचा खेळ. गिरजाबाईला ते पटेना. रोज संध्याकाळी त्याच रस्त्यानं सायकलींची रीघ लागायची आणि एकीच्याही मागं दिवा नसायचा. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी ती टेकचंदच्या सायकल-दुकानात गेली. टेकचंद चिंधूचा लहानपणापासूनचा दोस्त.

"भाऊजी, औंदा जेवनावळ नाही करत मी. सायकली काढू. बाजारापासून हे पडले त्या जागेवरी. ट्रकवाल्याइले दिसलं पाह्यजे का आपन बी रस्त्यावर आहोत."

"आन् समोर कोन राहीन?"

"मी."

"वहिनी, तुमाले तं सायकल येत नाही!"

"मंग शिकवा नं."

टेकचंदनं चिंधूचीच सायकल ठोकून सरळ केली. तलावाच्या पाळीवर, काष्टा घट्ट खोचून, गिरजाबाई शिकू लागली. पडायची, गुडघे फुटायचे, पाणी भरणाऱ्या बायका पदराआड हसायच्या. सासू धुरपताबाईनं तर बोलणंच टाकलं होतं. पण एका सकाळी म्हातारी आपणहून पाळीवर आली आणि मागचं कॅरिअर पकडून म्हणाली, "बस वरतं. मी धरून राहिली."

वर्षश्राद्धाच्या दिवशी आपल्या गावची दहा-बारा माणसं येतील, एवढीच गिरजाबाईची अपेक्षा. बाजाराच्या मैदानात पोचली तर पाय ठेवायला जागा नव्हती. दूधवाले, विडी कारखान्यातले मजूर, मास्तर, नवऱ्यामागं कॅरिअरवर बसून आलेल्या बायका. टेकचंद प्रत्येक सायकलच्या मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा रंगवत होता; अंधारात तेवढाच चमकेल म्हणून. डबा संपला, तसा कुणीतरी न सांगता दुसरा आणून ठेवला.

ती पुढं निघाली. वळून पाहिलं तर तोल जाईल, म्हणून नजर समोरच. पाठीमागं नुसता चेनींचा आवाज. तलावाला वळसा घालताना रस्ता वाकला आणि पाण्यापलीकडचं तिला दिसलं. पार बाजारापर्यंत सायकलीच सायकली, शेवट कुठं लागेना. ही एवढी माणसं आपल्या चिंधूसाठी?

समोरून येणारा ट्रक कडेला थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण मोठा माणूस गेला, आई?"

टेकचंदच्या मागं बसलेली धुरपताबाई म्हणाली, "माहा पोरगा. भाजी विके."

ड्रायव्हरनं डोक्याचा रुमाल काढला. शेवटची सायकल जाईस्तोवर तो तसाच उभा होता.

चिंधू पडला त्या जागी पोचल्यावर गिरजाबाईला आठवलं, की उतरायला आपण शिकलोच नाही. ती ओरडली, चार जणांनी धावत येऊन सायकल धरली. सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता वर्षभरात पहिल्यांदा तिला मोकळं रडू आलं.

पुढं दरसाल सायकली निघत राहिल्या, पार पवनीकडचीही माणसं येऊ लागली. समोर गिरजाबाईच असायची. भीती नाही का वाटत, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वाटते नं. पन मागं केवढे लोक राह्यते, बापा!"