परसातला हौद आणि न्हाणीतला नळ

काठोकाठ भरलेला सिमेंटचा हौद, ज्याला कुठेही तडा नाही आणि ज्यातून कोणी तांब्याभर पाणीही घेतलेले नाही, तो दुपारपर्यंत रिकामा कसा होतो? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला मी हुबळीहून धारवाडला गेले.

प्रश्न माझ्या अक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा होता. ती धारवाडच्या घरी एकटी राहते. तिच्या मुलाने उत्तर आधीच ठरवले होते: आईला विसर पडू लागला आहे, ती हौद भरत नाही, भरला असे तिला वाटते. तसे असेल तर तिला एकटे ठेवणे बरे नव्हे, म्हणून तिला बेंगळूरला न्यायचे आणि घराला कुलूप लावायचे. अक्काला जायचे नव्हते. पण तिचाही स्वतःवरचा भरवसा ढळत चालला होता.

"मी भरते गं," ती फोनवर म्हणाली. "भरलेला डोळ्यांनी बघते. मग नसतो. एक तर माझं डोकं बिघडलंय, नाहीतर ह्या घराला तहान लागलीय. दोन्हीतलं कुठलं, ते तू येऊन सांग."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. त्यामुळे घरात असे काही घडले की निवाड्याला मला बोलावतात. मी पोहोचले त्याच संध्याकाळी मुलगाही आला. त्याच्या हातात मोठी, रिकामी बॅग होती.

आधी मांडणी समजून घ्यावी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने पाळी येते आणि तिची वेळही नक्की नसते. म्हणून येथे नळ कोणी बंद करत नाही. पाणी येण्याआधी नळातून हवा फुसफुसते आणि त्या आवाजाने घर जागे होते. अक्काच्या परसातला नळ रस्ता खोदताना तुटला, तो पुन्हा बसलाच नाही. गच्चीवरच्या टाकीशी संबंध नसलेला, थेट रस्त्याच्या लाइनवरचा असा एकच नळ उरला, तो न्हाणीघरातला. त्याला अक्काने बागेची हिरवी नळी जोडली होती. नळाचे तोंड गुळगुळीत, त्याला आटे नाहीत. तेव्हा नळीचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे, नळावर चढवावे आणि वरून क्लिप आवळावी. तिने नेमके हेच केले होते. जोडावर पाण्याचा थेंब दिसत नव्हता. नळीचे दुसरे टोक खिडकीतून परसात नेऊन हौदाच्या तळाशी सोडले होते आणि ते उसळून बाहेर पडू नये म्हणून त्यावर जुना वरवंटा ठेवला होता. पाणी कधीही आले तरी हौद आपोआप भरावा, हा हेतू. काम इतके नेटके होते की मला त्यात चूक दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ फुसफुसला. गल्लीतून हाक गेली, "नीरु बंतु, नीरु बंतु." पाणी आले होते. हौद भरला, तेव्हा मी पाण्याच्या पातळीला लागून आतल्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि भाच्याला दाखवली.

"आता साक्षीदार झालास की," अक्का त्याला म्हणाली.

"आई, मी कुठं भांडतोय?"

"भांडत नाहीस. बॅग घेऊन आलायस."

थोड्या वेळाने पाणी गेले. नळाला कोणी हात लावला नाही. जेवण करून आम्ही तिघे परसातल्या लिंबोणीखाली बसलो. उन्हात सगळे स्तब्ध होते. अबोलीचे एक फूल गळून हौदात तरंगत होते. बराच वेळ काहीच घडले नाही. मग मला वाटले, खडूची रेघ पाण्यापासून जरा वर सरकली आहे. रेघ सरकत नाही, हे मला ठाऊक होते.

तेवढ्यात घरातून आवाज आला. घोट घेतल्याचा. थोडे थांबून पुन्हा एक घोट. फार तहानलेल्या माणसाने तांब्याला तोंड लावावे, तसा. घरातली तिन्ही माणसे बाहेर बसलेली होती.

भाच्याने दाराकडे पाहिले. "आत कोण आहे?"

"कोणी नाही," अक्का म्हणाली. तिचा स्वर अगदी सपाट होता. "असंच चालतं. म्हणून पाण्याच्या दिवशी दुपारी मी आत बसत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर बॅग तेव्हाच आणली असतीस."

आता पाणी डोळ्यांदेखत उतरत होते. ना प्रवाह, ना गळती. भिंतीवर फक्त ओल्या कडा मागे राहत होत्या. पाणी तळाला लागले, तसे ते फूल सावकाश फिरले, वरवंट्याकडे गेले आणि दिसेनासे झाले.

मी वाकून वरवंटा बाजूला केला, नळीचे टोक उचलले आणि त्यावर तळहात ठेवला. नळीने माझा हात धरला. जोर फार नव्हता, पण सोडायची तयारीही नव्हती. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो पेला उपडा धरून मी हवेचा दाब मुलांना किती वेळा शिकवला असेल. तो असा हाताला येऊन लागला नव्हता. मी टोक भाच्यापुढे केले. त्याने हात ठेवला, झटकन काढला आणि बराच वेळ पँटला पुसत राहिला.

कारण सोपे आहे. पुरवठा बंद झाला की गल्लीतल्या पाइपातले पाणी उताराकडे ओसरते. त्यातच खालच्या अंगाला कोणी उरलेले पाणी ओढायला मोटर लावली, तर ती ओढ लाइनभर पसरते आणि जिथे उघडे तोंड मिळेल तिथून काही ना काही खेचून घेते. इथे नळ उघडा होता आणि नळीचे तोंड पाण्यात बुडलेले. ज्या वाटेने हौद भरला, त्याच वाटेने तो परत गेला. घरातून येणारे ते घोट न्हाणीतल्या नळाचेच होते. टोक पाण्याच्या वर टांगलेले असते, तर नळाने फक्त हवा ओढली असती.

"म्हणजे तू भरत होतीस," भाचा म्हणाला.

"तेच सांगत होते. तू हौदाचं ऐकलंस, आईचं नाही."

तो आत गेला. परत आला तेव्हा ती बॅग उघडून त्याने अंगणात ठेवली. "लिंबं तरी दे," तो म्हणाला. "तीच नेतो." अक्का उठली आणि झाडाकडे गेली. पुष्कळ दिवसांनी ती घाईने चालताना दिसली.

नळीचे टोक आता हौदाच्या काठावर तारेने बांधले आहे, पाण्याच्या वर. अक्का धारवाडलाच आहे. तिचा हौद भरलेला राहतो, पण प्यायचे पाणी ती उकळल्याशिवाय घेत नाही. लिंबे काढता काढता ती मला म्हणाली होती, "ते फूल कुणाच्या तरी घागरीत उतरलं असेल." मग, "आणि आपल्या घागरीत कुणाकुणाचं काय काय आलं असेल, ते?"

आपल्या न्हाणीतल्या नळालाही अशी नळी जोडलेली असेल, तर माझ्या सांगण्यावर विसंबू नये. पाणी गेल्यावर नळीचे टोक पाण्यातून उचला, त्यावर तळहात धरा आणि कृपया स्वतः तपासून पाहा.