अमरूचं ऑक्सिजन केंद्र

अमरेशदादा लातूरच्या कॉलेजात ऑक्सिजनच्या अणूचं केंद्रक अभ्यासतो. दोन केंद्रकं आदळली की काय होतं, त्याची गणितं मांडतो. त्याची आई, शिवकन्याकाकू, निलंगा गावभर हात नाचवत सांगायची, "आमच्या अमरूचं ऑक्सिजनचं केंद्र हाय बरं!"

काल दादा सुट्टीला निलंग्यात घरी होता, तर शेजारच्या गल्लीतली मल्लम्मा धापा टाकणाऱ्या नवऱ्याला रिक्षात घालून दारात आली. "अमरू, नळी लाव की रे लवकर!"

दादाची मान खाली गेली. "मावशी, माझ्याकडं नुसती गणितं हायेत." तसाच रिक्षात बसून त्यानं त्यांना दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी म्हातारा सावरला. काकू डबा घेऊन दवाखान्यात गेली, तर मल्लम्मानं विचारलं, "मग अमरू करतो तरी काय, शिवक्का?"

काकू डब्याच्या झाकणाकडं बघत पुटपुटली, "मी कधी इचारलंच न्हाई गं."