लक्ष्मीपूजनाचे एकवीस रुपये

जुन्या बाबाशाई रुपयाला कोणी ‘हलका’ म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. म्हणणारा बिचारा नाण्याबद्दल बोलत असतो, त्याचा काही दोष नसतो. पण मला ती सराफाची पेढी आठवते, पायरीवर पदर सावरून उभी असलेली आई आठवते, आणि मग समोरच्या माणसाशी मी जरा तुटकच बोलते.

आम्ही दांडिया बाजारात राहत होतो. वडील सरकारी कचेरीत कारकून. महाराजांच्या राज्यात तोपर्यंत बडोद्याचा स्वतःचा बाबाशाई रुपया चालायचा. मग तो बंद होऊन इंग्रजांचा कलदार चालणार, अशी दवंडी पिटली गेली. मुदतीत बदलून घ्याल तर रुपयाच्या भावानं, नंतर नुसत्या चांदीच्या भावानं. गावभर धावपळ उडाली. ज्यानं त्यानं कोठीतून, उशीतून, फडताळातून रुपये बाहेर काढले.

आमच्या घरात शिलकीचे असे एकवीसच रुपये होते, आणि तेही देवघरातल्या पितळी डब्यात. लक्ष्मीपूजनाला तबकात मांडायचे. माझ्या पणजीपासून तेच एकवीस. त्यांना खर्चासाठी कधी कोणी हात लावला नव्हता. दर दिवाळीला आई ते चिंचेच्या कोळात भिजवायची, मग वस्त्रगाळ रांगोळी घेऊन एकेक रुपया अंगठ्यानं चोळायची. लक्ष्मीपुढे काळा रुपया ठेवायचा नाही, हा घरचा शिरस्ता. आईच्या आधी तिच्या सासूनं हेच केलं, तिच्या आधी तिच्या सासूनं. रुपये असे लखलखायचे की शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. आईला त्याचा फार अभिमान होता, आणि का असू नये? बाकी मिरवायला तिच्याकडे होतं काय?

देवाचे रुपये म्हणून वडील ते एकटे न्यायला तयार होईनात. आई निघाली, तिचं बोट धरून मी. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

पेढीवर ही गर्दी. गुमास्त्यानं आमचा एक रुपया ताजव्याच्या एका पारड्यात टाकला, दुसऱ्यात त्याच्याजवळचा वजनाला पक्का असलेला बाबाशाई. आमचं पारडं वर गेलं. त्यानं दुसरा टाकला, तिसरा टाकला. मग रुपया दोन बोटांत धरून साऱ्या पेढीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आने तो कानस मारेली छे!”

त्या काळी रुपयाचे काठ कानशीनं खरवडून चांदीचा कीस गोळा करणारे भामटे होते. रुपया बाजारात चालवायचा आणि कीस सोनाराला विकायचा. आम्हाला त्यांच्यात काढलं होतं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. गुमास्ता वडिलांना म्हणाला, “साहेब, तमारा घरमां आ कोण संभाळे छे?” आणि वडिलांनी, माझ्या सरकारी नोकरीतल्या ताठ मानेच्या वडिलांनी, मागे वळून आईकडे पाहिलं.

नुसतं पाहिलं. रुपये पिशवीत भरले, “बघतो,” म्हणाले आणि पायरी उतरले. ‘आमच्या घरात असं होत नाही’ एवढं वाक्य तोंडातून काढायला काय जात होतं? चार शब्द! कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज खरडणाऱ्या माणसाला घरच्या बाईसाठी चार शब्द सुचू नयेत?

घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “अगं, बाळाचे वाळे केलेस ना मागे, त्याची चांदी कुठली?”

आई पोळ्या लाटायला बसली होती. लाटणं थांबलं. “माझे लहानपणचे पैंजण मोडले. माहेरचे.”

“हो का,” वडील म्हणाले.

ते ‘हो का’ मी ऐकलं. ओरडले असते तर परवडलं असतं. आई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र जेवले, आणि जेवताना एकदा पाळण्यातल्या भावाच्या पायांकडे बघून घेतलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी वडील कचेरीतून आले तेव्हा आई पिशवी घेऊन दारातच उभी होती. “चला, चोकशीकडे जायचंय.” सोन्याचांदीचा कस पाहणाऱ्याला आमच्याकडे चोकशी म्हणतात. मांडवीजवळ एक म्हातारे चोकशी बसायचे, त्यांच्या शब्दापुढे सोनारांचंही काही चालत नसे. वडील म्हणाले, “आत्ता कशाला?” आई चालायलाच लागली.

चोकशीकाकांनी एक रुपया कसोटीच्या दगडावर ओढला, रेघ बघितली, मान हलवली. मग एकवीसही रुपये उजेडाकडे धरून सावकाश फिरवले. “भाऊसाहेब,” ते वडिलांना म्हणाले, “चांदी चोख्खी छे. आणि हे बघा. कानस मारली तर काठ सपाट होतो, वरची अक्षरं तशीच राहतात. इथं काठ जुनाच, वेडावाकडा, टाकसाळीतून आला तसा. अक्षरं गेली, छापातली तलवारीची खूण गेली. हे हातानं चोळून झिजलंय, असा रुपया पुऱ्या भावानं घेतात. पूजाना रुपिया ने, बेन?”

आईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पडू दिलं नाही.

आणि वडील हसले! इतके मोकळे हसले की मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. “बघ, मी म्हणतच होतो,” म्हणाले. काय म्हणत होते? कधी म्हणत होते? “चल, आत्ताच्या आत्ता पेढीवर जाऊ. चोकशींचं नाव सांगतो, त्या गुमास्त्याला चांगला फैलावर घेतो.”

“तुम्ही जा,” आई म्हणाली. “माझा त्याच्यावर राग नाही. त्यानं मला काल पहिल्यांदाच पाहिलं. आठव्या वर्षी तुमच्या घरात आले मी.”

तिनं माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो.

वडील पेढीवर गेले. एकवीसचे कलदार घेऊन परतले आणि गुमास्त्यानं कशी सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली, ते त्यांनी ओटीवर बसून दोनदा रंगवून सांगितलं. आई ताटं वाढत ऐकत होती. तिला त्या गुमास्त्याच्या माफीचं काही नव्हतं. ती कोणाच्या माफीची वाट बघतेय, ते नऊ वर्षांच्या मला कळत होतं. वडिलांनी आमटी चांगली झाल्याचं सांगितलं आणि आणखी वाढायला सांगितली.