काहूनबाई आणि आयोडीन

अमरावती रोडवरच्या आमच्या वाडीच्या शाळेत नुसतं बरोबर उत्तर देऊन कोणी सुटत नसे. उत्तर बरोबर आलं की विज्ञानाच्या बाई खडू खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, ‘काहून?’ म्हणजे, का? पोरगं गडबडायचं. चुकलेल्याला एक वेळ सोडतील, पण बरोबर आलेल्याला नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘छान, छान’ म्हटलं, तर त्यांनाही बाईंनी तेच विचारलं. पोरांनी त्यांचं नाव काहूनबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. ते एक ‘काहून’ सोडलं तर बाई वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला की थेट माहेरच्या खापा गावाची बोली. मी एकदा हसले तर म्हणाल्या, ‘तुमची प्रमाणभाषा रागाच्या कामाची नाही वं.’

आणि राग त्यांना कशाचाही यायचा. अणूच्या चित्राचासुद्धा. मधोमध लिंबाएवढं केंद्रक आणि भोवती बोटभर अंतरावर इलेक्ट्रॉन, असं चित्र दिसलं की त्या चिडायच्या. ‘काढणाऱ्याले कागद पुरला नाही, म्हणून अणू लहान झाला,’ म्हणायच्या. मग पोरांना पटांगणात नेऊन मधोमध तुरीचा एक दाणा ठेवायच्या आणि सांगायच्या, ‘हे केंद्रक. आता इलेक्ट्रॉन कुठे? ते पाहा, अमरावती रोडवर ट्रक चालले आहेत ना, तिथे. मधलं सगळं रिकामं.’ गोदामांच्या रांगेपलीकडे हॉर्न वाजत असायचे आणि पोरं दाण्याकडे पाहायची, मग रस्त्याकडे.

किरणोत्सार शिकवायला त्या चिंचोके आणायच्या. फोडलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. सगळे उधळायचे, पांढरे पडले ते बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा उधळायचे. दर खेपेला साधारण निम्मे उरायचे. ‘कोणता चिंचोका पांढरा पडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही,’ बाई म्हणायच्या, ‘पण निम्मे जाणार, हे मी सांगते. अर्धायुष्य म्हणजे एवढंच.’ मराठीची बाई असून मला ते समजलं.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. धंतोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि गाठीचं मागे राहिलेलं जाळायला किरणोत्सारी आयोडीन दिलं. काही दिवस वेगळ्या खोलीत एकटं ठेवलं, मग घरी कोणाजवळ बसायचं नाही, पोरांना जवळ घ्यायचं नाही, अशी पथ्यं. बाईंनी ती डोळ्यांत तेल घालून पाळली. डॉक्टरांनी यंत्र लावून मोजलं, शाळेत जा म्हणाले. बाई त्याच्यावर आणखी आठवडाभर घरी बसल्या आणि मग आल्या.

कावीळ झाली होती असं सांगितलं असतं तर काहीही झालं नसतं. पण बाईंनी नववीच्या वर्गात उभं राहून खरं सांगितलं. धडाच तो चालू होता. आयोडीनचं समस्थानिक कशासाठी वापरतात, हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी विचारतात आणि ‘गळ्याच्या ग्रंथीवरील उपचारासाठी’ हे उत्तर पोरं झोपेतही देतात. त्याच पोरांच्या पालकांच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी मेसेज फिरला की मॅडमच्या अंगातून किरणं निघतात.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. मी तिथेच होते.

‘मॅडम, काही दिवस आराम करा ना. पालक ऐकून नाही राहिले.’

‘मी बरी आहे. आराम काहून करू?’

‘समजून घ्या.’

‘समजलं मले. तुम्ही कारण लिहून द्या, आन खाली सही करा.’

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि चहा मागवला. आमचा चहा कपबशीत आला. बाईंचा कागदी कपात.

मग पालकसभा झाली. बाईंनी शांतपणे, शुद्ध मराठीत सगळं समजावलं. एक ट्रान्सपोर्टवाले पालक उठले. ‘मॅडम, एकच सांगा. तुमच्या अंगात आता झिरो आहे का?’

‘झिरो कोणाच्याच अंगात नाही, भाऊ. तुमच्या अंगातल्या पोटॅशियममधूनही किरणं निघतात, केळ्यातूनही निघतात. माझ्यात जे उरलं आहे, त्यानं शेजारी बसणाऱ्याला काही होत नाही.’

पहिल्या वाक्यापुढचं कोणी ऐकलं नाही. ‘मॅडम खुदच कबूल करून राहिल्या,’ असं मागून कोणीतरी म्हणालं आणि सभा तिथेच संपली. मी बोलायला उठले, तर ‘मॅडम, तुमचा विषय मराठी’ म्हणून मला खाली बसवलं. खोटं बोलणाऱ्याला आपल्याकडे पुरावा मागत नाहीत. खरं बोलणारीचं अर्धं वाक्य तोडून घेतात आणि तिलाच बांधतात.

बाईंना वाचनालयात बसवलं. त्यांचा वर्ग भूगोलाच्या सरांकडे गेला. सरांनी समस्थानिकांचे उपयोग फळ्यावर लिहून दिले, पोरांनी उतरवून घेतले. परीक्षेत सगळ्यांना पूर्ण गुण.

उन्हाळ्यात बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभात संस्थेच्या अध्यक्षांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली नाही, टेबलावर ठेवून पुढे सरकवली. नारळही तसाच. बाईंच्या अंगातलं आयोडीन कधीच संपलं होतं. बाईंनी शालीकडे पाहिलं, माइक घेतला आणि म्हणाल्या, ‘आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. हे मी याच शाळेत इतकी वर्षं शिकवलं. घाबरणाऱ्या पालकांवर माझा राग नाही, त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही शाळा चालवता.’ एवढं बोलून त्या शाल तिथेच ठेवून उतरल्या. मी मागोमाग गेले.

फाटकापाशी पाचवीतल्या एका मुलीची आई उभी होती. गळ्याशी ऑपरेशनची ताजी खूण, पदरानं झाकलेली. आम्हाला पाहून पुढे आली.

‘मॅडम, मलेबी तेच औषध सांगतलं. सासू म्हणते माहेरी जाय, आन पोरगी लग्नाची होईपर्यंत येऊ नको. खरंच इतकं राहा लागते का?’

बाई तिथेच पायरीवर बसल्या. तिलाही हाताला धरून शेजारी बसवलं. आत सत्काराचा नाश्ता वाटायला सुरुवात झाली होती, प्लेटांचा आवाज येत होता.

‘डॉक्टर सांगतील तितके दिवस पोरीपासून दूर राहाचं,’ बाई म्हणाल्या. ‘एक दिवस कमी नाही करायचा. आन त्याच्यावर एक दिवसबी कोणाले द्यायचा नाही.’