मीठ घातलेला बर्फ

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कोल्हापुरात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करत होतो. कण आमचे, पण दिसायचे पुण्यात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तिकडे. नंबर लागला की बाटल्या पिशवीत घालायच्या आणि एसटी पकडायची.

त्या खेपेला पिशवीत आईच्या मूत्रपिंडाचा तुकडाही होता, सुईनं काढून टिकवायच्या औषधात बुडवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आजार ओळखता येईना आणि तो ओळखल्याशिवाय डॉक्टर औषध ठरवेनात. पुन्हा सुई सोसण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. सकाळच्या गाडीपर्यंत त्याची बाटली सांभाळायला मी दादाकडे दिली. त्याचं मुरगूडला दूध संकलन. त्याच्या हातचं दूध भर उन्हाळ्यातही नासत नसे. "गार ठेव," एवढंच मी सांगितलं. सकाळी त्यानं बाटली ठेवलेला थर्मास हातात दिला. झाकण घट्ट होतं, मी उघडलं नाही.

आठवड्यानं तुकड्याचे पातळ काप तयार झाले. अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यावर आधी माझे कण आले. गोल, सुटे सुटे, बघत राहावे असे. मग आई आली. सगळीकडे भोकंच भोकं. मला वाटलं, आजारच एवढा वाढलाय.

मशीन चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा आजार नाही. नमुना गोठलाय. आत बर्फाचे खडे होऊन पेशी फाटल्यात. यातून आता काही सांगता येणार नाही."

मी मान हलवली आणि पुढचा नमुना लावायला सांगितला. रडू आलं नाही. रागही आला नाही. काहीच आलं नाही.

परत आलो तेव्हा दवाखान्यात दादा आईच्या उशाशी बसला होता.

"बर्फ टिकला न्हवं? मूठभर मीठ घातलंतं की मी. कुल्फीवाला घालतो तसं."

नुसत्या बर्फात तुकडा गार राहिला असता. मिठानं तो गोठवला.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

"काय कळलं न्हाय."

डॉक्टरांनी अंदाजानं औषध दिलं. आई दिवाळीपर्यंत होती.

कणांच्या फोटोचं सगळ्यांनी कौतुक केलं. तो माझ्या प्रबंधात आहे. दादा अजून आल्यागेल्याला सांगतो, आईचा नमुना आपण पुण्यापर्यंत कसा गार पोचवला ते. मग माझ्याकडं बघतो.

"व्हय," मी म्हणतो. "लई गार हुता."